स्वस्त ई-पुस्तकामागचा हिशेब

छापील पुस्तकावर सवलत का मिळते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. गोदामात गठ्ठे पडून असतात, जागेचं भाडं चढत असतं, पावसाळ्यात ओल येते, वाळवी तर बारमाही. मग प्रकाशक प्रदर्शनात ‘कोणतंही पुस्तक शंभर रुपये’ असा फलक लावतो आणि मोकळा होतो. ई-पुस्तकाला यातलं काहीच लागू नाही. त्याचा गठ्ठा नसतो, त्याला ओल येत नाही, आणि एक प्रत विकली काय नि लाख विकल्या काय, माल संपत नाही. तरीही चारशे रुपयांची कादंबरी मंगळवारी सकाळी एकोणपन्नास रुपयांना दिसते आणि बुधवारी पुन्हा चारशेवर जाऊन बसते.

म्हणजे ई-पुस्तकाची किंमत नाइलाजाने उतरत नाही, कुणीतरी मुद्दाम उतरवलेली असते. उतरवणाऱ्याला त्या पुस्तकाच्या आडून दुसरं काही विकायचं असतं. हे ‘दुसरं काही’ साहित्यप्रकारागणिक बदलतं. प्रणयकथेत ते एक असतं, विज्ञानकथेत दुसरं, गंभीर कादंबरीत तिसरंच. ते ओळखता आलं की कुठे शोधायचं, कधी शोधायचं आणि कुठे वेळ घालवायचा नाही, हे फारसं कुणाला विचारावं लागत नाही.

याची सुरुवातच अशा आडून विक्रीने झाली. ॲमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल बाजारात आणलं तेव्हा त्याची किंमत ३९९ डॉलर होती. एवढं महाग यंत्र लोकांनी घ्यावं म्हणून गाजलेली नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला ठेवली गेली, अनेकदा तोटा सोसून. पुस्तक स्वस्त होतं, कारण विकायचं होतं यंत्र. प्रकाशकांना हे खुपलं. एकदा वाचकाला दहा डॉलरची सवय लागली की पक्क्या बांधणीचं पंचवीस डॉलरचं पुस्तक घेणार कोण? २०१० मध्ये ॲपलने आयपॅड आणला आणि मोठ्या प्रकाशकांशी वेगळा करार केला: किंमत प्रकाशकाने ठरवायची, दुकानदाराने फक्त दलाली घ्यायची. हा संगनमताचा प्रकार आहे म्हणून अमेरिकी सरकारने एप्रिल २०१२ मध्ये खटला भरला, २०१३ मध्ये न्यायालयाने ॲपलला दोषी ठरवलं, आणि अखेर ४५ कोटी डॉलरच्या तडजोडीतून २०१६ मध्ये वाचकांच्या खात्यांत पैसे परत आले. गंमत अशी की खटला सरकारने जिंकला, पण पद्धत प्रकाशकांचीच राहिली. काही वर्षांत मोठ्या प्रकाशकांनी नवे, कायद्यात बसणारे करार करून किंमत ठरवण्याचा हक्क पुन्हा आपल्याकडे घेतला. त्यामुळे बड्या प्रकाशकाचं नवं ई-पुस्तक कधीकधी कागदी आवृत्तीपेक्षाही महाग दिसतं. यात दुकानदाराची चूक नाही. प्रकाशकाला ते स्वस्त विकायचंच नसतं.

स्वस्ताईची खरी वस्ती वेगळ्या गल्लीत आहे. स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकांना ॲमेझॉनने २०१० पासून अमेरिकेत ७० टक्के मानधन देऊ केलं. मुख्य अट अशी की किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान हवी. त्याखाली ३५ टक्के. म्हणजे ९९ सेंटला विकलेल्या कादंबरीतून लेखकाच्या हाती जेमतेम ३५ सेंट पडतात. एवढ्यासाठी कोण कादंबरी विकेल? जो सात भागांची मालिका लिहून बसला आहे तो! पहिला भाग ही जाहिरात असते. कमाई दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या भागांत असते.

म्हणूनच सर्वांत जास्त सवलती प्रणयकथा, हलक्याफुलक्या रहस्यकथा आणि फॅण्टसी या तीन प्रकारांत मिळतात. तिघांतही मालिका लिहिण्याची चाल आहे आणि वाचक अधाशी आहेत. काही लेखक पहिला भाग कायमचाच फुकट ठेवतात. ॲमेझॉनवर शून्य किंमत कायम ठेवण्याची सोय लेखकाला थेट मिळत नाही. म्हणून ते कोबो किंवा ॲपलच्या दुकानात पुस्तक फुकट ठेवतात आणि ॲमेझॉनने किंमत जुळवून घेण्याची वाट पाहतात. दुसरी वाट ॲमेझॉनच्याच योजनेतून जाते. लेखकाने नव्वद दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, बदल्यात त्या नव्वद दिवसांत पाच दिवस ते फुकट वाटायची मुभा. काल फुकट दिसलेलं पुस्तक आज पैसे मागतं ते यामुळे.

ही स्वस्ताई कधीकधी सोनं देऊन जाते. अँडी वेअर यांनी ‘द मार्शियन’ आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली होती. वाचकांनी किंडलची प्रत मागितली, तेव्हा ॲमेझॉनवर ठेवता येणारी सर्वांत कमी किंमत ९९ सेंट होती म्हणून त्यांनी तीच लावली. पुढे मोठ्या प्रकाशकाने ती उचलली आणि २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. ९९ सेंटच्या थरारकथा विकून दहा लाख किंडल प्रतींचा टप्पा गाठणारे स्वयंप्रकाशित लेखक म्हणून जॉन लॉक २०११ मध्ये गाजले. पुढच्याच वर्षी त्यांनी पैसे देऊन परीक्षणं लिहून घेतल्याचं उघड झालं. तेव्हा स्वस्त पुस्तकाखालचे तारे मोजत बसण्यापेक्षा नमुन्याची पानं वाचावीत. नमुना फुकट असतो आणि दहा पानांत लेखकाची भाषा कळते.

या गल्लीत हिंडायचं तर रोज दुकान उघडून बसायची गरज नाही. बुकबब ही २०१२ मध्ये सुरू झालेली अमेरिकी सेवा आपण निवडलेल्या साहित्यप्रकारांतल्या सवलतींची रोज एक ईमेल पाठवते, आणि तिच्यात भारताचं दुकान निवडायची सोय आहे. जागा मिळवण्यासाठी प्रकाशक आणि लेखक तिला पैसे मोजतात, त्यामुळे ती कुणाची सेवा करते हे लक्षात ठेवून वापरावी. स्मॅशवर्ड्स हे स्वयंप्रकाशित पुस्तकांचं जुनं दुकान. तिथे मार्चच्या सुरुवातीला आणि जुलैभर मोठा सेल लागतो. तिथली पुस्तकं कुलूपबंद नसतात, आपल्या यंत्रात उतरवून ठेवता येतात. दर्जा मात्र भेळेसारखा: चिंचेचं पाणी नेमकं पडलं तर झकास, नाहीतर नुसते ओले कुरमुरे.

विज्ञानकथेच्या वाचकाचं नशीब सगळ्यांत चांगलं आहे, आणि त्याचं कारण बाजारापेक्षा त्या मंडळींच्या स्वभावात आहे. या प्रकाराचे लेखक, प्रकाशक नि वाचक तिघेही तंत्रज्ञानाशी खेळणारे. बेन या अमेरिकी प्रकाशनाने १९९९ मध्येच एक मोफत ग्रंथालय उघडलं. त्यामागे लेखक एरिक फ्लिंट यांचा युक्तिवाद होता की फुकट वाचणारा बहुतेक वेळा पुढचं पुस्तक विकत घेतो, आणि चोरीच्या भीतीने प्रामाणिक गिऱ्हाइकाला कुलपं लावणं हा मूर्खपणा आहे. टॉर या मोठ्या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरचं कुलूप काढून टाकलं. हम्बल बंडल आणि स्टोरीबंडल यांवर आठ-दहा पुस्तकांचा संच ठरावीक मुदतीपुरता मिळतो; किमान रकमेच्या वर किती द्यायचे ते वाचकाने ठरवायचं, त्यातला काही भाग धर्मादाय कामाला जाऊ शकतो. विज्ञानकथा, फॅण्टसी आणि चित्रकादंबऱ्या तिथे नेहमी दिसतात. प्रणयकथा क्वचित.

भयकथांचा हंगाम ऑक्टोबर. अमेरिकेत महिनाअखेरीला हॅलोविन असतो आणि त्याच्या आधी जुन्या भयकादंबऱ्यांच्या किमती घसरतात. गुन्हेकथा नि थरारकथांचं गणित पडद्याशी बांधलेलं: कादंबरीवर मालिका किंवा चित्रपट येणार असेल तर त्याच लेखकाची जुनी पुस्तकं काही दिवस स्वस्त होतात. नवी कादंबरी बाजारात येण्याआधीही तसंच घडतं. आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक कधी येणार आहे हे माहीत असलं, तर त्याचं जुनं पुस्तक कधी घ्यावं हेही कळतं.

गंभीर, वाङ्मयीन कादंबरीत मात्र सवलतीची आशा फार धरू नये. तिथे मालिका नाही, एका बैठकीत पाच पुस्तकं वाचणारा वाचक नाही, आणि किंमत बड्या प्रकाशकाच्या हाती. अधूनमधून एका दिवसापुरती १.९९ डॉलरची सूट लागते, तेवढीच. या प्रकारासाठी शहाणा मार्ग सार्वजनिक ग्रंथालयाचा आहे, आणि इथे परदेशातल्या मराठी वाचकांना आपल्यापेक्षा बरे दिवस आहेत. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या असंख्य ग्रंथालयांचं सभासदत्व असेल तर लिबी या ॲपवर ई-पुस्तकं नि श्राव्य पुस्तकं विनामूल्य मिळतात. अमेरिकेत तर ती थेट किंडलवरही वाचता येतात. न्यू जर्सीत राहून महिन्याला चार इंग्रजी कादंबऱ्या विकत घेणाऱ्याने आधी गावच्या ग्रंथालयाचं कार्ड काढावं.

भारतात बसून सवलती शोधणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो सरहद्दीचा. परदेशी यादीत दोन डॉलरला दिसलेलं पुस्तक आपल्या खात्यात पूर्ण किमतीला दिसतं, किंवा दिसतच नाही. प्रकाशनाचे हक्क देशवार विकलेले असतात: अमेरिकेत एक प्रकाशक, ब्रिटन नि भारतीय उपखंडासाठी दुसरा. अमेरिकी प्रकाशकाने दिलेली सूट भारतीय दुकानाला लागू होत नाही. उलटही घडतं; भारतीय उपखंडासाठी काढलेली आवृत्ती मुळातच स्वस्त असते. म्हणून परदेशी सवलतींच्या मागे धावण्यापूर्वी इथली रोजची किंमत पाहावी.

दुसरा धक्का ‘₹०’ या खुणेचा. किंडलच्या दुकानात ती दोन अर्थांनी येते. कधी पुस्तक खरोखर फुकट असतं. बरेचदा ते फक्त किंडल अनलिमिटेडच्या वर्गणीदाराला फुकट असतं. ही वर्गणी भारतात सप्टेंबर २०१५ पासून आहे. वर्गणी थांबवली की घेतलेली पुस्तकं परत जातात. इथेही साहित्यप्रकार महत्त्वाचा. जुलै २०१५ पासून या योजनेत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात, त्यामुळे भराभर वाचल्या जाणाऱ्या प्रणयकथा, थरारकथा नि फॅण्टसीचा तिथे पूर असतो. बड्या प्रकाशकांच्या नव्या कादंबऱ्या मात्र अपवादानेच सापडतात. महिन्याला एखादं पुस्तक वाचणाऱ्याने वर्गणीच्या नादी लागू नये. चार-पाच वाचणाऱ्याला ती नक्की परवडते. ॲमेझॉन प्राइमचे सभासद असाल तर प्राइम रीडिंगची छोटी यादी आधीच तुमच्या हक्काची आहे. पुष्कळांना ते ठाऊकच नसतं.

फोनवरच्या किंडल ॲपमध्ये खरेदीचं बटण शोधून दमलेल्यांसाठी: ते तिथे नाही. गूगल आणि ॲपल ॲपमधल्या खरेदीवर दलाली मागतात, म्हणून ॲमेझॉनने भारतातल्या ॲपमधून विक्री काढून टाकली. ब्राउझरमध्ये दुकान उघडून पुस्तक घ्यायचं, ते ॲपमध्ये आपोआप येतं. आणखी एक बारीक गोष्ट कराची. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर तो १८ टक्के होता. २०१८ मध्ये ५ टक्के झाला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-पुस्तकासाठी. कागद न वापरणाऱ्या लेखकाला जास्त कर, हा न्याय अजब खराच!

आता जिथे सवलतीचा प्रश्नच उरत नाही, त्या मोफत पुस्तकांकडे येऊ. मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकला आणि त्यातून प्रोजेक्ट गटेनबर्ग उभा राहिला. आज तिथे ७० हजारांहून अधिक पुस्तकं आहेत. स्टँडर्ड ईबुक्स हा गट तशीच जुनी पुस्तकं नीट तपासून, सुबक मांडणी करून देतो. वाचायला तीच घ्यावीत. शेरलॉक होम्स, ड्रॅक्युला, वेल्स, ज्यूल व्हर्न, जेन ऑस्टिन यांच्या ई-पुस्तकासाठी दमडीही मोजायची गरज नाही. तरी दुकानात यांच्याच एकोणपन्नास रुपयांच्या ‘सवलतीच्या’ आवृत्त्या ढिगाने विकल्या जातात, हा सवलतीच्या बाजारातला सर्वांत जुना विनोद आहे.

पण फुकट कुणाच्या कायद्याने, हे पाहावं लागतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, पुढच्या १ जानेवारीला, त्याचं लेखन खुलं होतं. जॉर्ज ऑरवेल आणि साने गुरुजी दोघेही १९५० मध्ये गेले. त्यामुळे ‘श्यामची आई’ आणि ‘१९८४’ भारतात एकाच दिवशी, १ जानेवारी २०११ रोजी खुली झाली. अमेरिकेत ‘१९८४’ अजून बंधनात आहे, म्हणून मूळ गटेनबर्गवर ती सापडत नाही. गटेनबर्ग ऑस्ट्रेलियावर सापडते. जेम्स बाँडचे जनक इयन फ्लेमिंग १९६४ मध्ये वारले, तसेच मामा वरेरकरही. म्हणजे २०२५ च्या पहिल्या दिवसापासून भारतात फ्लेमिंग यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या बाँडच्या मूळ कादंबऱ्या खुल्या आहेत आणि वरेरकरांनी मराठीत आणलेले शरच्चंद्रही. फ्लेमिंग आणि रेमंड चँडलर यांच्यासाठी कॅनडातलं फेडेड पेज पाहावं. अगाथा ख्रिस्तींच्या १९२० च्या दशकातल्या कादंबऱ्या मात्र अमेरिकी कायद्याने गटेनबर्गवर आल्या असल्या, तरी भारतात त्या खुल्या नाहीत. ख्रिस्ती आणि वि. स. खांडेकर दोघेही १९७६ मध्ये गेले. दोघांचंही लेखन आपल्याकडे १ जानेवारी २०३७ ला मोकळं होईल. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो, हेही विसरू नये.

स्वस्त घेताना नेमकं काय घेतो, तेही बघायला हवं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विकलेली ऑरवेलचीच दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी माफी मागितली, पण ‘विकत घेतलेलं’ पुस्तक म्हणजे वाचण्याचा परवाना आहे, हे जगाला कळलं. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये सुरू केलेलं ई-पुस्तकांचं दुकान २०१५ च्या अखेरीला बंद केलं आणि ग्राहकांची पुस्तकं कोबोकडे सोपवली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं दुकान मिटलं तेव्हा पैसे परत दिले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही काढली गेली. एकदा वाचून विसरायच्या थरारकथेला हे चालून जातं. पुन्हा पुन्हा उघडायचं पुस्तक असेल तर कुलूप नसलेलं घ्यावं, नाहीतर सरळ कागदाचं.

मराठीत हा सगळा बाजार लहान आणि तरुण आहे. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली. पुण्याच्या बुकगंगावर त्याआधीपासून मराठी ई-पुस्तकं मिळतात, मात्र ती त्यांच्याच ॲपवर वाचावी लागतात. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांच्या संमतीने त्यांची पुस्तकं मोफत पोचवतं, आणि त्यांत कथा-कादंबऱ्या पुष्कळ आहेत. प्रतिलिपीवर प्रणयकथा नि भयकथांच्या मालिका हप्त्याहप्त्याने चालतात. पुढचे भाग लवकर वाचायचे तर पैसे. पहिला भाग स्वस्त, पुढचे महाग, हा तोच जुना हिशेब. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला सर्वांत जास्त फुकट मिळतं, कारण हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये आणि नाथमाधव १९२८ मध्ये गेले; मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्ह इथे शोधलं तर त्यांच्या आवृत्त्या हाती लागतात. रहस्यकथा आणि भयकथा यांच्या वाट्याला ते भाग्य नाही. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, नारायण धारप २००८ मध्ये. यांच्या, शिवाजी सावंतांच्या नि सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरतात त्याला सवलत म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

विकत घेण्याआधी मराठी पुस्तकाचा नमुना हटकून उघडावा. पुष्कळदा आत छापील पानांची नुसती छायाचित्रं असतात. अक्षर मोठं करता येत नाही, फोनवर डोळे फुटतात. जोडाक्षरं मोडलेली आहेत का, ऱ्हस्व-दीर्घ टंकणाऱ्याने गिळलेत का, हेही नमुन्यात दिसतं. मराठी भाषा गौरव दिन, गुढीपाडवा, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि दिवाळी, या दिवसांच्या आसपास दुकानांवर नजर ठेवावी.

मात्र इंग्रजीतली ९९ सेंटची युक्ती मराठीत चालायला लाखांत वाचक लागतात, आणि तेवढे अजून नाहीत. मराठी ई-कादंबरीची मूळ किंमतच अनेकदा दोन वडापाव आणि चहाच्या आसपास असते. जिवंत मराठी लेखकाचं नवं ई-पुस्तक नमुना वाचून आवडलं, तर सवलतीची वाट न पाहता पूर्ण किमतीला घ्या.